किंवा

टुकुयूत पाऊस बारमाही, कोर्टाला पत्र्याचं छप्पर.
सर वाढली की मॅजिस्ट्रेटबाई हात वर करतात
आणि साक्ष आहे त्या शब्दापाशी थांबते.
आतुगानिले म्वाइसुमोची साक्ष ‘खोली’पाशी थांबली.
बावीस मिनिटं ती त्या शब्दात उभी होती.

खोली नंबर सहा. गेस्ट हाऊसचं नाव बागेवरून, बाग नव्हती.
नर्सिंग कॉलेजातले औषधशास्त्राचे सर म्हणाले होते,
तुझे अडतीस आहेत. पास व्हायला पन्नास लागतात.
मधले बारा कुठून आणायचे ते तूच बघ.
मग मेसेज आला. नुसता आकडा.

तो आकडा घेऊन ती म्बेयाला गेली,
लाचलुचपतवाल्यांच्या कचेरीत.
भाड्याला आईने केळीचे तीन घड विकलेले,
कसलासा फॉर्म भरायचाय, एवढंच आईला माहीत.

साहेब चांगला होता. चहा दिला.
म्हणाला, पैशाच्या लाचेत आम्ही नोटांना पावडर लावतो,
घेणाऱ्याची बोटं बुडवली की पाणी गुलाबी होतं.
आणि गप्प झाला.
कारण इथे जे द्यायचं होतं
त्याला पावडर कशी लावणार, आणि कुठे.

ठरलं ते असं :
तिने खोलीत जायचं. आतून कडी घालायची नाही.
त्याने शर्टाची बटणं काढायला घेतली की खोकायचं.
तिसऱ्या बटणाला तिने तोंड उघडलं, घसा कोरडा.
चौथं बटण.
पाचव्याला खोकला आला,
तो अजूनही येतो, वेळीअवेळी, जेवताना.

सर ओसरली. वकील उठला.
लाच घेणारा गुन्हेगार, तसा देणाराही, नाही का?
तुम्ही गेलात. स्वतःच्या पायांनी गेलात.

माझ्या भाषेत लाच आणि लाज यांच्यात एक अक्षर.
म्हणून बघा : जीभ जागची हलत नाही,
फक्त गळा थरथरतो.
तिच्या स्वाहिलीत ते रुश्वा आणि आइबू,
दोन वेगळ्या गावचे शब्द,
वकिलाने त्यांना एका बाकावर बसवलं.

ती म्हणाली, कलमात ‘मागतो’ असं क्रियापद आहे, साहेब.
मी घरून वाचून आलेय.

निकालाच्या दिवशी ऊन होतं, कुठेच थांबावं लागलं नाही.
बाईंनी कलम वाचलं :
तीन वर्षांपर्यंत कैद,
किंवा पन्नास लाख शिलिंगपर्यंत दंड,
किंवा दोन्ही.
एवढ्या जाड पुस्तकात तो शब्द केवढासा,
आणि तेवढंच ते दार
ज्याला आतून कडी घातलेली नव्हती.
सर त्यातून बाहेर आले.

भावाने चहाच्या मळ्याचा तुकडा आधीच विकला होता.
नोटा मोजायला कारकुनाला पाऊण तास लागला,
बोट ओलं करून, रबर बँड दातांत धरून.
त्याची बोटं होती तशीच राहिली.

ती खिडकीशी गेली.
मला पावती मिळेल?
पावती भरणाऱ्याची असते, तो म्हणाला. मान वर केली नाही.
पण स्थूलपुस्तक तिच्याकडे तोंड करून जरासं वळवलं,
आणि शाईचा डबा शोधायला आत गेला.
तिने नंबर उतरवून घेतला
पाठच्या पानावर, क्विनाइनच्या मात्रांखाली.

सोमवारी फेरपरीक्षा. पर्यवेक्षक नवा, इरिंगाचा,
कुणाकडेच न बघणारा.
शेवटचा प्रश्न वीस मार्कांचा :
अ किंवा ब, कोणताही एक सोडवा.

तिने दोन्ही सोडवले.